पडवीतलं कॉकपिट: टीव्ही, मॉनिटर की प्रोजेक्टर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगडजवळ कौलारू घर, पडवीची एक बाजू बंद करून काढलेली १० बाय १२ फुटांची खोली, संगणकावर विमान उडवण्यासाठी (फ्लाइट सिम्युलेटर, आमच्या भाषेत सिम) सुताराकडून करून घेतलेलं एअरबस ए३२० विमानाच्या कॉकपिटचं दोन खुर्च्यांचं शेल, म्हणजे बाहेरचं कवच, आणि खिडकीबाहेरच्या दृश्यासाठी बाजूला काढलेले दीड लाख रुपये. "व्हिडिओत सगळे तीन प्रोजेक्टर आणि गोल पडदा लावतात, तेच घेऊ ना?" असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता लिहिलंय की बहुतेक वेळा तुम्ही एकटेच उडवता, भाचा मे महिन्यात आला की उजव्या खुर्चीत बसतो.

तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या वाक्यावरच माझं सगळं उत्तर उभं आहे. मी मूळचा टीव्ही दुरुस्तीवाला, रत्नागिरीकडचा. गेली बारा-तेरा वर्षं घरात सिम आहे. आधी एक प्रोजेक्टर होता, मग तीन मॉनिटर, आता टीव्ही. शिवाय ओळखीतल्या चार-पाच जणांची कॉकपिटं जुळवून दिली आहेत. त्यामुळे पुढे जे सांगतोय त्यात थोडं विमानाचं आहे आणि बरंचसं आपल्या हवेचं.

टीव्ही की प्रोजेक्टर हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवायचं की डोळा कुठे आहे, आणि एक डोळा आहे की दोन. तुम्ही म्हणाल दोन खुर्च्या म्हणजे दोघंही बघणार. पण साध्या पडद्यावरचं चित्र संगणक एकाच जागेवरून काढतो. समजा ती जागा दोन खुर्च्यांच्या बरोबर मध्ये धरली आणि खुर्च्यांमध्ये मीटरभर अंतर आहे. म्हणजे प्रत्येकजण मध्यापासून ५० सेंटीमीटर बाजूला. पडदा ११५ सेंटीमीटरवर असेल तर विमानाचं नाक जिकडे चाललंय तो बिंदू डाव्या वैमानिकाला २३ अंश उजवीकडे दिसणार, आणि उजव्याला तितकाच डावीकडे. पडदा २ मीटरवर नेला तर हे १४ अंशांवर येतं, ३ मीटरवर साडेनऊ. शून्य कधीच होत नाही. धावपट्टीशी विमान सरळ आहे की नाही हे डोळ्याने जोखायचं असतं तिथे २३ अंशांची फसवणूक म्हणजे दर वेळी गवतात.

विमान कंपन्यांच्या खऱ्या सिम्युलेटरमध्ये हे होत नाही, आणि त्याचं कारण प्रोजेक्टर नव्हे. तिथे प्रोजेक्टर आपलं चित्र आधी वरच्या एका पाठीमागून उजळणाऱ्या पडद्यावर टाकतात. वैमानिक तो पडदा थेट बघतच नाहीत, ते बघतात समोरच्या भल्यामोठ्या अंतर्वक्र आरशात. आरशावरून येणारे किरण जवळजवळ समांतर होऊन येतात, त्यामुळे दृश्य फार लांब असल्यासारखं वाटतं आणि दोन्ही खुर्च्यांना धावपट्टी आपापल्या सरळ समोर दिसते. तो आरसाही बहुधा काचेचा नसतो. पातळ चकचकीत फिल्म मागून हवा ओढून ताणलेली असते. घरी असला आरसा करणारे बहाद्दर आहेत, पण पडवीत नको. व्हिडिओतल्या गोल पडद्याला हा आरसा नसतो. तो दिसतो खऱ्यासारखा, पण खुर्च्यांमधल्या फरकाचं दुखणं त्याला टीव्हीइतकंच आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला: चित्र डाव्या खुर्चीसाठी जुळवा. भाच्याला रेडिओ, चेकलिस्ट, फ्लॅप द्या. लँडिंगची फारच हौस असेल तर त्याच्या पाळीला तो डावीकडे बसेल.

आता कोन. हात सरळ पुढे करून मूठ धरा, तिची रुंदी साधारण १० अंश भरते. शेलमध्ये डाव्या खुर्चीत बसा, सुताराने काढलेल्या समोरच्या खिडकीत किती मुठी बसतात ते मोजा, मग डावीकडच्या सरकत्या खिडकीत. आडव्या मोजा, उभ्याही मोजा. जितक्या मुठी तितकं चित्र हवं, त्यापलीकडचं कोणी बघणार नाही. ही पाच मिनिटांची गोष्ट आहे आणि बहुतेक जण ती पैसे खर्च झाल्यावर करतात.

मॉनिटरचा विचार इथेच संपतो. ३२ इंची मॉनिटर ७१ सेंटीमीटर रुंद असतो. टेबलावर ७० सेंटीमीटरवरून बघितला तर तो ५४ अंश भरतो, तीन लावले की १६० च्या वर. टेबलावरच्या सिमला ह्याच्याइतकं चोख काही नाही, आणि तुमच्याकडे शेल नसतं तर मी तेच सांगितलं असतं. पण तुमची खिडकीची चौकट मध्ये आहे, मॉनिटर तिच्या बाहेर जाणार, म्हणजे डोळ्यापासून ११५ सेंटीमीटरवर. तिथे तोच मॉनिटर ३४ अंशांचा उरतो. खिडकीतून बघितल्यावर आकाशात टांगलेली पाटी दिसते.

त्याच जागी ६५ इंची टीव्ही धरा. रुंदी १४४ सेंटीमीटर, उंची ८१. ११५ सेंटीमीटरवरून तो आडवा ६४ अंश आणि उभा ३९ अंश भरतो. ४के टीव्हीवर ३८४० ठिपके आडवे असतात, म्हणजे दर अंशाला ६०. चांगली नजर साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, वेगळा ओळखते. थोडक्यात ह्या अंतरावर टीव्ही डोळ्याच्या ताकदीला पुरतो. उलट १०८० चा, म्हणजे आडव्या १९२० ठिपक्यांचा, प्रोजेक्टर ७० अंश भरायला लावला तर दर अंशाला २७ ठिपकेच मिळतात. ह्याचा अर्थ काय ते धावपट्टीवर बघा. ४५ मीटर रुंदीची धावपट्टी ३ नॉटिकल मैलांवरून, म्हणजे साडेपाच किलोमीटरवरून, अर्ध्या अंशाहूनही थोडी कमी दिसते. टीव्हीवर तिला २८ ठिपके येतात, प्रोजेक्टरवर १२ किंवा १३. शेजारचे पापीचे, म्हणजे विमान बरोबर उंचीवरून उतरतंय का ते रंगाने सांगणारे, चार दिवे दोन लाल दोन पांढरे आहेत की तीन लाल, हे टीव्हीवर ओळखता येतं. प्रोजेक्टरवर ते एक गुलाबी ठिगळ होतं. समुद्रावरून चिपीच्या सड्याकडे येताना संध्याकाळच्या धुरकट उजेडात हे फार जाणवतं. सिंधुदुर्गचा तो विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हापासून आमच्याकडचा प्रत्येक सिमवाला पहिल्यांदा तिथेच उतरायला बघतो, मीही त्यातलाच.

प्रोजेक्टरच्या बाजूनेही बोलतो, कारण मी तो चार वर्षं वापरलाय आणि त्याची मजा खोटी नाही. वळण घेताना सगळी खोली तिरकी झाल्यासारखी वाटते, पोटात हलतं. टीव्हीवर ते इतकं होत नाही. मोठी, कोरडी, पूर्ण अंधाराची खोली आणि स्लॅब असेल तर मी प्रोजेक्टरला नाही म्हणणार नाही. तुमच्याकडे ह्यातलं काही नाही.

जागेचंच घ्या. १८० अंशांचा गोल पडदा दीड मीटर त्रिज्येचा केला तर तो ३ मीटर रुंद होतो. तुमची खोली १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. पडद्याच्या मागची लाकडी चौकट भिंतीत घालणार का? त्रिज्या कमी केली तर पडदा जवळ येतो आणि खुर्च्यांमधला फरक पुन्हा वाढतो. पडवीचं छप्पर बाहेरच्या बाजूला उतरतं, तिथे डोक्यावर प्रोजेक्टर टांगला की उठताना कपाळमोक्ष ठरलेला. शिवाय गोल पडद्याची एक बाजू दुसऱ्या बाजूवर उजेड टाकते, त्याने काळं करडं होतं. म्हणून जाणते लोक पडदा पांढरा न रंगवता राखाडी रंगवतात आणि भिंती काळ्या करतात. कौलांत उजेडासाठी बसवलेलं काचेचं कौल एक जरी असलं तरी दुपारी चित्र धुऊन निघतं.

आणि मग पाऊस.

सहा-सात वर्षांपूर्वी एका मित्राच्या घरी तीन प्रोजेक्टर लावले. कौलारू घर, सागवानी वासे, त्याला आडवी फळी, फळीवर तीन प्रोजेक्टर. मे महिन्याच्या शेवटी दोन रात्री बसून आम्ही चित्रं जुळवली. गोल पडद्यावर सरळ रेषा सरळ दिसाव्यात म्हणून चित्र वाकवून घ्यावं लागतं आणि दोन प्रोजेक्टरांची चित्रं जिथे एकमेकांवर चढतात तिथला उजेड हळूहळू कमी करावा लागतो. त्याचं सॉफ्टवेअर मिळतं, पण काम किचकट. जुळलं तेव्हा आम्ही दोघं वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत किनाऱ्याने उडत आलो, पहाट झाली. जुलैत त्याचा फोन, क्षितिज तुटलंय. जाऊन बघतो तर डावं चित्र बोटभर वर सरकलेलं. वासे पावसात फुगले होते, फळीने पीळ घेतला होता. पुन्हा जुळवलं. गणपतीत उन्हं पडली, पुन्हा सरकलं. दिवाळीपर्यंत एका प्रोजेक्टरच्या भिंगावर आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली, आणि चित्राच्या मधोमध कायमचं धुकं बसलं. प्रोजेक्टर पंख्याने सतत बाहेरची हवा आत ओढतो. आपल्याकडे ती हवा ओली, खारी, आणि चुलीच्या बाजूला असेल तर धुराचीही. बल्बचं आयुष्य खोक्यावर काही हजार तास लिहिलेलं असतं, लेझरचं वीस हजारच्या घरात, पण आतल्या बुरशीचे तास कोणी छापत नाही. टीव्हीला बहुधा पंखा नसतो, मागची झाकणं जवळजवळ बंद असतात. आमच्या धंद्यात पावसाळ्यात टीव्हीही येतात दुरुस्तीला, नाही असं नाही, पण चित्र सरकलं म्हणून एकही आलेला नाही.

तेव्हा तुमच्या खोलीसाठी मी काय करीन ते सांगतो. दोन ६५ इंची ४के टीव्ही, एकाच मॉडेलचे, शक्यतो एकाच दिवशी घेतलेले म्हणजे रंग जुळतात. एक डाव्या खुर्चीच्या सरळ समोर, दुसरा त्याच्या डाव्या कडेला चिकटून, ६४ अंश आत वळवलेला. हा दुसरा तुमच्या डाव्या खांद्याच्या थोडा मागेपर्यंत पोचतो. उजवीकडे सध्या काही नको. विमानतळाभोवतीचा फेरा मुळात डावा धरतात, आणि कप्तानही डावीकडेच बसतो. धावपट्टी डाव्या खांद्यामागे गेली की वळायचं, हे बघायला डावा टीव्ही लागतो. उजव्या खिडकीकडे कप्तानाची नजर क्वचित जाते, आणि भाचा बसला की तिथे त्याचं डोकं असतं. डोळ्यापासून डावीकडे साडेचार फूट मोकळे लागतील, म्हणून शेल खोलीच्या मध्यावर न ठेवता उजव्या भिंतीकडे सरकवा. जेमतेम बसेल, पण बसेल.

दोन टीव्हींच्या मधली काळी कड दिसेल ना? दिसू देऊ नका. ए३२० च्या समोरच्या काचेच्या आणि बाजूच्या काचेच्या मध्ये खांब आहे. टीव्हींचा जोड डोळ्याच्या रेषेत त्या खांबामागे आणा. डोळ्याच्या जागेवर खिळा ठोकून सुतळी बांधा, खांबाला लावून ताणा, ती जिथे जाते तिथे जोड. अर्धा इंच इकडेतिकडे करायला सुताराला सांगितलं तर तो कुरकुर करेल, चहा पाजा.

उंचीसाठी गवंड्याची लेव्हलची नळी आणा. खुर्चीत बसून डोळ्याच्या उंचीची खूण भिंतीवर करा, नळीतल्या पाण्याने ती खूण दोन्ही टीव्हींवर आणा आणि चिकटपट्टी लावा. सिममध्ये विमान समुद्रावर सपाट धरा, क्षितिज त्या पट्टीवर यायला हवं. कोन बरोबर भरला असेल आणि क्षितिज डोळ्याच्या उंचीवर असेल तर मेंदू बाकीचं सोडून देतो. आमच्याकडे एकाने तीन लाखांचं सामान टीव्ही वीतभर वर लावून वाया घालवलं होतं. त्याला कायम आपण खड्ड्यातून बघतोय असं वाटायचं आणि तो फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, दर वेळी उशिरा करायचा.

टीव्ही भिंतीला लावू नका. तुमची भिंत चिऱ्याची असणार. जांभ्याला भोक पाडणं सोपं, त्यात फास्टनर धरत नाही, आणि पावसाळ्यात भिंत घामेजते. लोखंडी चौकोनी पाइपचा स्टँड वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या, रेड ऑक्साइडचे दोन हात, खाली रबर. टीव्ही आणि भिंत यात हातभर जागा सोडा. स्टँड शेलला जोडू नका, नाहीतर थ्रॉटल ढकलला की क्षितिज थरथरतं. एमडीएफ कुठेच वापरू नका, पहिल्या पावसात बिस्किटासारखा फुगतो.

दुकानात गेल्यावर एवढंच बघा: टीव्हीला गेम मोड हवा. तो नसला तर टीव्ही चित्र सजवत बसतो आणि स्टिक हलवल्यावर विमान मागाहून हलतं. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रांच्या, मागे लागू नका, सिम बहुतेक घरांत ३० ते ४० फ्रेमवर चालतं. रात्री उडवणं आवडत असेल तर व्हीए पॅनेलचा काळा गडद असतो. आयपीएसचा काळा फिकट, पण बाजूने बघणाऱ्याला, म्हणजे भाच्याला, रंग बरे दिसतात. तुम्ही एकटे, तेव्हा व्हीए. ओलेड सुंदर, पण ते पैसे मी ग्राफिक कार्डात घालीन.

आणि कार्ड लागणारच. एक ४के पडदा म्हणजे ८३ लाख ठिपके, दोन म्हणजे एक कोटी ६६ लाख. तीन १०८० चे पडदे मिळूनही ६२ लाखच होतात. कार्ड दमलं तर बाजूचा टीव्ही १०८० वर चालवा, डोळ्याच्या कोपऱ्याला फरक कळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये दोन पडद्यांवर एकच रुंद चित्र ताणू नका, कडेची घरं रबरासारखी लांब होतात. प्रत्येक पडद्याला स्वतःचा कोन देऊन वेगळं दृश्य द्यायचं. एक्स-प्लेन ह्या सिममध्ये ही सोय आवृत्ती ११ पासून सरळ सेटिंगमध्ये आहे, मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये ती २०२२ साली आली. तुमच्या मांडणीत आकडे असे: समोरचा ६४ अंश, बाजूचा ६४ अंश आणि डावीकडे ६४ ने वळलेला. हे आकडे माझ्या ११५ सेंटीमीटरचे आहेत, तुमचं अंतर वेगळं निघालं तर कोन बदलतील.

तुम्ही फक्त मोठ्या विमानतळांवर आयएलएसने, म्हणजे धावपट्टीवरून येणाऱ्या रेडिओ संकेतांवर, उतरत असाल तर बाजूचा टीव्हीही पुढे ढकला, समोरचा एकच घ्या. एडविन लिंकने १९२९ च्या सुमाराला जो ट्रेनर केला त्याला बाहेरचं दृश्य नव्हतंच. झाकण लावून माणसाला आत कोंडायचे आणि तो घड्याळं बघून उडवायला शिकायचा. ढगातून उतरणाऱ्याला आजही शेवटच्या दोनशे फुटांपर्यंत खिडकीचं काम नसतं.

आपल्या हवेसाठी दोन-चार गोष्टी. मिरगाआधी आणि दसऱ्याला एचडीएमआयच्या पिना काढून काँटॅक्ट क्लीनरने पुसा, खाऱ्या हवेने त्यांच्यावर हिरवट थर येतो आणि चित्र लुकलुकायला लागतं तेव्हा लोक कार्डाला दोष देतात. ४के ची केबल ५ मीटरच्या पुढे न्यायची असेल तर ऑप्टिकल घ्या. पावसाळ्यात रोज तासभर टीव्ही चालू ठेवा, उडवा किंवा बातम्या लावा. आतली ऊब हेच औषध. महिनाभर बंद होता तर आधी खोलीत जुना पिवळा बल्ब तासभर लावा आणि मगच बटण दाबा. स्टॅबिलायझर आणि अर्थिंग ह्यात काटकसर नको. परतीच्या पावसात विजा सुरू झाल्या की प्लग काढा, लॅनची आणि डिशची वायरही काढा. आकाशातली वीज त्या वायरीतूनही आत येते, फक्त विजेच्या लाईनीतून नाही. टीव्हीच्या मागच्या झरोक्यांना बारीक नायलॉनची जाळी लावा. पालीला गरम बोर्डावर झोपायला आवडतं, आणि ती दोन टोकांवर एकदम पाय ठेवते तेव्हा तिचं आणि टीव्हीचं एकदमच संपतं. मी अशा किती उघडल्या त्याची मोजदाद ठेवलेली नाही.

खरेदीच्या आधी बांधाबांधीचा खाकी कागद १४४ बाय ८१ सेंटीमीटर कापा, दोन तुकडे, आणि सांगितलं तसे दोरीला टांगा. दोन दिवस शेलमध्ये बसून खिडकीतून ते कागद बघा. कागदाची कड खिडकीत कुठे दिसते, डोळ्यापासून कागदापर्यंत नक्की किती सेंटीमीटर, आणि डाव्या बाजूला छपराची खालची कड जमिनीपासून किती उंच, ही तीन मापं कळवा. छप्पर डाव्या टीव्हीच्या वरच्या कोपऱ्याला आडवं येत असेल तर डावीकडे ५५ इंची घ्यावा लागेल, आणि मग तुमचा कोन नव्याने काढून देतो.